येरमाळ्याच्या तिठ्यावर : शिक्षिकेच्या हाती यंत्रमानव

सोलापूरहून धाराशिवमार्गे बीडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, बालाघाटाच्या डोंगररांगेत येरमाळा वसले आहे. कुंथलगिरीस निघालेल्या सोलापूरकडील कुटुंबांना हे गाव वाटेवरचे म्हणून परिचित आहे. जवळच्या डोंगरावर येडेश्वरी देवीचे मंदिर असून चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस लाखो भाविक लोटतात व रानात चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. एकेकाने टाकलेल्या मूठभर खड्यांची पाहता पाहता रास होते.

येथूनच बार्शीच्या बाजारपेठेकडे रस्ता फुटतो. त्याच बार्शीचे रणजितसिंह डिसले परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवीत. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणाऱ्या या शिक्षकास २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटली. साधन खेड्यातही पोहोचते; मात्र ते हाताळणारा शिक्षक आधी घडावा लागतो, हे यातून दिसते.

यंत्रमानवाच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धतीही नवी नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉइरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञेवर चालणारे यांत्रिक कासव आले. ‘१०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे’ ही आज्ञा ४ वेळा दिली की कासव चौरस काढते. कोन चुकला तर आकृती वाकडी होते. मग मूल शिक्षा न होता आपली आज्ञा तपासते आणि दुरुस्त करते. काटकोन येथे पाठ करावा लागत नाही, तो चालून कळतो.

परंतु हा धडा देणारी शिक्षिकाच तारांना बिचकत असेल तर? शिकागो विद्यापीठातील सायन बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचे वर्ग अभ्यासले. ज्या शिक्षिकांना गणिताची धास्ती अधिक, त्यांच्या वर्गातील मुलींत वर्षअखेरीस ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ ही समजूत अधिक आढळली आणि अशा मुली गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. शिक्षिकेचे भय न बोलताही विद्यार्थिनीपर्यंत पोहोचते.

म्हणून हा विषय डी.एल.एड. व बी.एड. करणाऱ्या मुलींच्या प्रशिक्षणातच यावयास हवा. मराठवाड्यातील मुलीस त्यासाठी परदेशी खेळण्याची गरज नाही. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो पद्धतीची पाटी, एक छोटी मोटार आणि मातीतील ओल मोजणारा संवेदक काही शे रुपयांत मिळतो. ओल उतरली की पंप सुरू, पुरेशी झाली की बंद. पाण्याची किंमत जाणणाऱ्या या मुलखात असा पाठ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

केंद्राच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा योजनेत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. व्यापारी कुटुंबांतूनही शाळांना संगणक दिले जातात. दुकान मांडणाऱ्यास हे ठाऊक असते की, माल भरला तरी गल्ल्यावर जाणते माणूस लागते. खोलीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. शिक्षिकेच्या शिकण्यावर ती लावता येत नाही. तरीही देणगीचा काही हिस्सा, गावात राहून शिकविणार असलेल्या एखाद्या मुलीच्या प्रशिक्षणासाठी वेगळा काढला, तर ती रक्कम तिच्या सेवेची सारी वर्षे वर्गावर्गांतून फिरत राहील.