चौथी सीट

मुंबईच्या लोकलगाडींतील बांक तिघांच्या बेतानें केलेलें असतें. त्यावर बसतात मात्र चौघे. या चौथ्याचा अर्धा देह बांकावर आणि अर्धा अधांतरीं असतो. तरीहि त्याच्या जागेस 'चौथी सीट' असें स्वतंत्र नांव मिळालें आहे. तिचें तिकीट वेगळें नाहीं, तिच्याविषयीं कायदा नाहीं. उभ्या माणसानें 'जरा सरका' म्हणावें आणि बसलेल्या तिघांनीं अंग चोरावें, एवढाच तिचा विधि. मुंबईच्या एका कॉलेजांत नीतिशास्त्र शिकविण्यासाठीं आम्ही पंचवीस वर्षें डोंबिवलीहून जात-येत आहों. ज्या औदार्याची व्याख्या करतांना आमचा तास संपून जातो, तें या बांकावर व्याख्येवांचून चाललेलें असतें.

या औदार्याची आरंभीं गरज नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून २१ मैलांवरच्या ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हां तिच्या १४ डब्यांत सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे होते. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले. पण उपनगरांच्या वाढीस खरा वेग आला तो विजेनें. १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्ला आणि १९२८ च्या जानेवारींत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावूं लागली. वाफेच्या एंजिनाला वेग घेण्यास वेळ लागे. विजेची गाडी चटकन थांबते, चटकन सुटते. त्यामुळें स्थानकें जवळजवळ ठेवतां आलीं, गाड्या लागोपाठ सोडतां आल्या, आणि नोकरी एका गांवीं व बिऱ्हाड दुसऱ्या गांवीं ठेवण्याची सोय झाली.

पुढें ९ डब्यांच्या गाड्या १२ डब्यांच्या झाल्या, कांहीं १५ डब्यांच्याहि झाल्या. २०२२ सालीं ठाणें व दिवा यांच्या दरम्यान पांचवी व सहावी मार्गिका खुली झाली. प्रत्येक सुधारणेनें गर्दी ओसरेल असें वाटे. पण शहरांत घर परवडत नाहीं म्हणून माणूस एकेक स्थानक पुढें सरकला, आणि नवी जागा भरून गेली. 'जरा सरका' हें वाक्य बांकापुरतें उरलें नाहीं. साऱ्या नोकरदार मुंबईनें तें कल्याण-कर्जतपर्यंत पाळलें.

आमची शंका येथेंच आहे. प्रवाशांचा समजूतदारपणा हा त्यांचा सद्गुण खरा; पण तो दुसऱ्या कोणाच्या हिशेबांत जमेस धरला जात आहे काय? ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि त्यांतले कांहीं प्राणांस मुकले. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें. तें योग्यच आहे. मात्र दार मिटलें म्हणजे आंतल्यांचा जीव वांचेल. फलाटावर राहिलेल्यांसाठीं कचेरीची वेळ थांबणार नाहीं. त्यांच्यासाठीं मागोमाग दुसरी गाडी हवी.

कोणी म्हणेल, इतक्या स्वल्प भाड्यांत आणखी काय मागावयाचें? आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. भाडें स्वस्त आहे म्हणून जीव स्वस्त होत नाहीं. चौथी सीट हें तिघांनीं चौथ्यास दिलेलें दान आहे. देणाऱ्यानें दानाचा हिशेब ठेवूं नये हें खरें. परंतु दुसऱ्यानें त्या दानाच्या भरंवशावर आपलें वेळापत्रक रचूं नये, हेंहि तितकेंच खरें.