पोवळ्याला जागा द्यायची कुठे?

आमच्या बीडला समुद्र नाही आणि उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. अशा गावात दादाने हॉलमध्ये ९० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक थाटलाय! गेल्या दिवाळीत तो पुण्याहून एक जिवंत 'कोरल' घेऊन आला. दुकानदाराला त्याचं नावही माहीत नव्हतं.

"म्हणजे पोवळंच ना?" आजी म्हणाली. मी पडले कॉन्व्हेंटची. कोरल ठाऊक, प्रवाळ पुस्तकात वाचलेलं. पण आजीच्या अंगठीतलं पोवळं हा अशाच एका समुद्री जीवाचा सांगाडा, हे तेव्हा कळलं.

ओळख पटवणं ही नुसती हौस नव्हती. दगडी सांगाड्याची प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून दादाने दुकानातच सांगाडा नाही ना, ते पाहून घेतलं होतं. घरी भिंग लावलं. जाड सालीवर बटणांसारखी हिरवी तोंडं, प्रत्येकाला बारीक सोंडांची झालर. हा झोअँथिड! यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, म्हणून हातमोजे घालूनच उचललं.

मग जागा. हे अगदी हॉस्टेलच्या रूम अलॉटमेंटसारखं! वर दिव्याजवळ प्रकाश जास्त, तळाला कमी. पंपासमोर प्रवाह जोरात, कोपऱ्यात मंद. नवा पाहुणा एकदम दिव्याखाली ठेवला तर भाजतो. म्हणून आधी तळाशी, मध्यम प्रवाहात, आणि मग हळूहळू वर. शेजाऱ्यापासून चार बोटं लांब, कारण अंगाला अंग लागलं की ही मंडळी एकमेकांना डसतात.

पण आजीचा खरा प्रश्न वेगळाच होता. "याला पाणी किती लागतं गं?" टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईचा तो हक्कच आहे. पाणी २६ अंशांच्या आसपास राहावं म्हणून पंखा लावलाय. त्याने रोज दोन तांबे पाणी उडतं. मीठ मात्र उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच. आरओने सोडलेलं पाणी आम्ही फरशीला वापरतो. पण अधूनमधून बदललेलं खारं पाणी झाडांनाही चालत नाही, ते वायाच जातं. आजीला हे पटलेलं नाही आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

दादाची हौस म्हणून सोडून देऊ. पण २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची त्यात मदत घेतली. प्रश्न तोच : हे कोण आहेत, आणि यांना कुठे मानवेल? उद्या रस्ते आपणच बांधणार आहोत. खडकावर कोण राहतं, हे नकाशा काढण्याआधी विचारायला शिकलो, तरी पुष्कळ झालं.