पांढऱ्या कपड्यांची भीती

उमरखेड

प्रिय सुनंदा,

पत्र पोचलं. हॅलिफॅक्सला तुमच्या दवाखान्यात तिथल्या मिकमॅक आदिवासी रुग्णांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण सुरू झालंय, नि तू विचारतेस, "आपल्याकडे असं काही आहे का गं?" आहे की! पण आधी इथलं ऐक.

पावसाळ्यात बंदी भागातले नाले भरले की खरबी-दराटीकडच्या बायांना उमरखेडचा आमचा दवाखाना गाठणं म्हणजे दिव्यच. मजुरी बुडवून, चिखल तुडवत एखादी येते, तर पहिला प्रश्न काय? "इतके दिवस झोपली होतीस का?" सोबत सासू, नणंद, कडेवरचं पोर. लगेच हुकूम सुटतो, "एकीनंच थांबा, बाकीच्या बाहेर!" इथल्या आंध आदिवासींची बोली तर मराठीच, म्हणजे दुभाष्याचा प्रश्न नाही. तरी ती बाई तोंड उघडत नाही. नुसती मान हलवते, गोळ्या पदराला बांधते नि पुन्हा फिरकत नाही. मग आपली माणसं म्हणायला मोकळी, "अडाणी आहेत, काय करणार?"

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं बघ. तुमचे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही तर मढ्याला पांढऱ्यात गुंडाळतो. नातेवाइकांना तुम्ही रोग्याजवळ राहू देत नाही. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? यातलं एकही उत्तर औषधाबद्दल नव्हतं! मग 'सर्च'च्या शोधग्रामला दवाखाना उभा राहिला तो आदिवासी गावासारखा. झोपड्यांसारखे वॉर्ड, नातेवाइकांना राहायची सोय, नाव 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. देवीची जत्राही भरते.

याच मंडळींनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि २०११पासून देशभरच्या आशाताई घरी जाऊन बाळं बघू लागल्या. आमच्याकडेही बाळंतीण दवाखान्यात दबते. आशाताई उंबरठ्यावर बसून बाळाला झोळीच्या वजनकाट्यात घालते, तेव्हा घरभराची बडबड सुरू होते. सगळ्या शंका तिथे निघतात.

आमचे एक डॉक्टर मला चिडवतात, "मग काय, मेळघाटातला डंबाही चालू द्यायचा?" पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळाला तापल्या सळईचे चटके देतात, तो प्रकार. नाही द्यायचा चालू, मुळीच नाही. पण चटक्यांचे वण बघून तुम्ही आईवर ओरडलात, तर ती पुढचं आजारी बाळ लपवूनच ठेवणार. भगताचा अंगारा कपाळी असला तर असू द्या, सलाईन त्यानं अडत नाही. तुझ्या मिकमॅक लोकांतले अल्बर्ट मार्शल सांगतात ना, एका डोळ्यानं आपलं ज्ञान बघा, दुसऱ्यानं पाश्चात्त्यांचं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा!

तुमच्याकडेही सगळं आलबेल नाहीच. २०२० साली क्यूबेकमध्ये जॉयस एशाक्वान ही अटिकमेक्व आदिवासी बाई दवाखान्यात खाटेवर तळमळत होती, नि कर्मचारी तिला शिव्या घालत होते. तिनं ते मोबाइलवर दाखवलं म्हणून जगाला कळलं. ती मात्र गेली. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी त्याआधीच बजावून ठेवलं होतं की दवाखान्यात आपण सुरक्षित आहोत की नाही, हे रुग्णानं ठरवायचं, आपण नाही.

म्हणून तुला एक काम सांगते. तुमच्या प्रशिक्षणात शिकवायला मिकमॅक लोक स्वतः येतात, की तुमचेच साहेब पडद्यावर चित्रं दाखवतात? नीट चौकशी करून कळव. आमच्या दवाखान्याच्या पुढच्या बैठकीला मी दोन आंध बाया बोलवायचा हट्ट धरलाय. खुर्चीवर, चहा देऊन. साहेब म्हणाले, "बघू." हे 'बघू' तुला चांगलंच ठाऊक आहे, तेव्हा उत्तर लवकर धाड, मला मुद्दे हवेत.

तुझी,
मालती