तोळाभराची गोळी

मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी रायफल असावी, ही गोष्ट आमच्या कॉलेजात कोणालाच खरी वाटत नसे. ज्या गृहस्थाला मागच्या बाकावरची कुजबुज थांबवता येत नाही, त्याच्या कपाटात म्हणे तीनशे पंधरा बोअरची रायफल! पण ती होती. गेल्या महिन्यापर्यंत होती.

रायफल आजोबांची. आजोबा धुळ्याला वकिली करीत आणि कोर्टाला सुट्टी लागली की शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यात शिकारीला जात. त्यांच्यामागून परवाना वडिलांच्या नावे झाला, वडिलांमागून माझ्या. शिकारीचा काळ तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच संपवला होता. उरले होते ते परवान्याचे नूतनीकरण, आणि निवडणूक आली की रायफल पोलीस ठाण्यात जमा करणे. लोकशाहीच्या त्या उत्सवाला मी जुन्या चादरीत गुंडाळलेली रायफल मांडीवर घेऊन रिक्षातून जात असे. रिक्षावाल्याला ती सतार वाटे. मीही त्याचा गैरसमज दूर करीत नसे.

ही रायफल घरात का आली, याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९६४ च्या हिवाळ्यात आजोबांनी बारा बोअरच्या दुनळी बंदुकीने एका अस्वलावर गोळी झाडली. अस्वल जखमी होऊन झुडपात शिरले आणि रान उठवायला आलेल्या एका पावरा तरुणाला त्याने धरले. तरुण वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. "बंदूक लहान पडली," असे आजोबा म्हणत; आणि मग मोठ्या जनावरासाठी योग्य हत्यार हवे म्हणून त्यांनी ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ घेतली. कथा इथे संपे. आजी उठून आत जाई.

रायफलीबरोबर आजोबांची एक वहीही माझ्याकडे आली. वकिलाची वही ती. पेन्सिलीने तक्ते आखलेले. जनावर, बोअर, गोळीचे वजन, अंतर. सांबराला काय पुरे, गव्याला काय हवे, वाघाला मऊ टोकाची गोळी बरी की कठीण कवचाची, याचा खल पानेच्या पाने चाललेला. मी जळगावचा, सोन्याच्या पेठेत राहणाऱ्या माणसाला ग्रेनपेक्षा तोळा लवकर कळतो. म्हणून एका रविवारी ती सगळी वजने मी तोळ्यांत मांडून पाहिली, आणि तिथेच घरच्या कथेला पहिली चीर गेली.

बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी. म्हणजे त्या गोळीचे वजन सव्वातीन तोळे! साहेब लोक हत्तीसाठी आणि गव्यासाठी जी .४७० ची दुनळी रायफल वापरीत, तिची पाचशे ग्रेनची गोळी भरते पावणेतीन तोळे. म्हणजे वजनाने पाहिले तर आजोबांची बंदूक लहान नव्हतीच.

अर्थात नुसत्या वजनाने भागत नाही, हेही वहीतच लिहिलेले आहे. शिशाची गोल गोळी मंद जाते, लागल्यावर चपटी होते आणि लवकर अडते. रायफलीची गोळी लांबट आणि वेगवान. नळीतल्या पिळांनी फिरत जाते, म्हणून नेम धरून राहते आणि खोल शिरते. १९१२ साली निघालेल्या .३७५ मॅग्नमला शिकारी लोक अजून मानतात ते याच मेळासाठी: गोळी पावणेदोन तोळ्यांच्या आतली, पण वेग आणि लांबी यांचा हिशेब नेटका. आणि बेल नावाचा तो स्कॉटिश शिकारी! त्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले पुष्कळसे सात मिलिमीटरच्या रायफलीने. गोळी किती? उणीपुरी तोळाभराची. त्यासाठी त्याने हत्तीची कवटी कापून आतला मेंदू नेमका कुठे असतो हे पाहून ठेवले होते. हत्तींसाठी मला वाईट वाटते. पण आपला विषय किती जाणावा याचा नमुना म्हणून बेल मला वर्गात सांगावासा वाटतो.

हिंदुस्थानात बोअर निवडताना जनावराचा विचार नेहमी पहिला होत असे, असे मात्र नाही. .४५० ही मोठ्या शिकारीची नामांकित रायफल. पण तिची काडतुसे बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकांना उपयोगी पडतील या धास्तीने इंग्रजांनी १९०७ मध्ये तिला इथे बंदी केली. मग कारखानदारांनी .४६५, .४७० अशा रायफली पुढे आणल्या. .३०३ लष्कराची, म्हणून ती सामान्य माणसाला वर्ज्य. आणि म्हणूनच आमच्या आजोबांसारख्यांच्या वाट्याला.३१५. वाघाने सरकारदरबारी कधी अर्ज केला नाही, नाहीतर त्याचेही मत विचारात घेतले गेले असते.

वहीतला एक रकाना मला बरेच दिवस छळत होता. प्रत्येक जनावरापुढे अंतर लिहिले आहे. अस्वलापुढे ती जागा कोरी. खोडलेलीही नाही, कोरीच.

२००९ साली, नोकरीत नुकताच लागलो होतो तेव्हा, मी त्या पावरा गृहस्थांना भेटायला गेलो. आजोबा हयात असेपर्यंत दर दिवाळीला त्यांच्याकडे धोतरजोडी, मिठाई आणि पाकीट जात असे. वडिलांनीही ते चालू ठेवले होते. म्हातारा अंगणात बसला होता. उजवा हात कोपरापासून वाळलेल्या फांदीसारखा. मी वहीतले ज्ञान पाजळले: बारा बोअर, गोल गोळी, अस्वलाचे दाट केस. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग बाजारात बोलतात तशा अहिराणीत म्हणाले, "बंदूक धाकली नही व्हती, भाऊ. घाई मोठी व्हती."

अस्वल पाठमोरे होते, झुडपाआड होते. आडवे होईपर्यंत थांबा, असे त्यांनी खुणेने सांगितले होते. आजोबांनी थांबायला हवे होते तेवढा वेळ म्हणजे, त्यांच्या शब्दांत सांगायचे तर, विडी पेटवायला लागतो तेवढा. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे मला तिथे बसणे अधिकच कठीण झाले. निघताना त्यांनी आणखी एक सांगितले. नवी रायफल घेऊन आजोबा पुढच्या वर्षी पुन्हा आले होते. रात्रभर माचाणावर बसले. पहाटे सांबर आले, चाळीस पावलांवर, अगदी आडवे उभे. आजोबा बघत राहिले. सांबर पाणी पिऊन गेले.

हे आजोबांनी घरी कधी सांगितले नाही. मीही वडिलांना सांगितले नाही. त्यांना 'बंदूक लहान पडली' ही कथाच आवडत असे, आणि वडिलांच्या वयाच्या माणसाची कथा दुरुस्त करायला मी काही तिचा परीक्षक नव्हतो.

या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज समोर आला आणि 'शस्त्र कशासाठी हवे' या रकान्यापाशी माझे पेन थांबले. स्वसंरक्षण? जळगावात माझ्यावर चालून येतात ते फक्त उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पीकसंरक्षण? गॅलरीत तुळस आणि एक कोरफड. अर्ज तसाच घडी करून ठेवला आणि रायफल कायमची जमा करून टाकायचे ठरवले. मुलीने विचारले, "बाबा, हिने वाघ मारलाय?" मी नाही म्हणालो. तिचा थोडा हिरमोड झाला.

ठाण्यातले हवालदार व्यवस्थित गृहस्थ होते. परवान्याच्या पुस्तकावरची आजोबांच्या वेळची नोंद त्यांनी मोठ्याने वाचली: काडतुसे पंचवीस. मग टेबलावर हिरवट पडलेली काडतुसे एकेक उभी करून मोजली. बावीस भरली. पुन्हा मोजली.

"सर, तीन कमी आहेत," ते म्हणाले. "कशावर झाडली?"

वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहिलेले होते. मी त्यांना सांगितले, "शेताच्या बांधावर. नेम तपासायला."

त्यांनी तसे लिहून घेतले आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.