तुळिंज ते पेल्हार: नव्या ड्रायव्हरबरोबर एक रविवार

आमच्या आपाच्या मुलाला गेल्या डिसेंबरात हेवी लायसन्स मिळालं. त्याच संध्याकाळी पेढे घेऊन तो आमच्याकडे आला. पुडा खाली ठेवण्याआधी त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "खाला, सांगा बरं, यातली कुठली गाडी चांगली?" पडद्यावर पाच कंपन्यांचे पाच ट्रक ओळीनं उभे होते.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. ट्रकमधलं मला काय कळणार? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा कुठल्या ना कुठल्या गाडीवर, गाळ्यात नाहीतर गोदामात कामाला असतात, एवढीच माझी ट्रकशी ओळख. पण पोरगा खुशीत होता. त्याच्याकडे कामाच्या दोन जागा चालून आल्या होत्या. एका मालकाकडे कोरी गाडी, एसी केबिन. दुसऱ्याकडे सात वर्षांची जुनी गाडी, पगारही महिना चार हजारांनी कमी. पोराचा कल कुठे होता ते सांगायला नको.

आपाची काळजी वेगळी होती. तिनं उमेदीची बावीस वर्षं ट्रक ड्रायव्हरची बायको म्हणून काढली. दूल्हाभाई पन्नाशीतच कंबरेनं घरी बसले. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. खिडकीकडचा कान, वर्षानुवर्षं वारा आणि हॉर्न झेललेला. मुलानं हा धंदा धरू नये असं त्यांना वाटत होतं, पण तोंडानं ते काही बोलले नाहीत. आपा मला म्हणाली, "रविवारी तू जा त्याच्याबरोबर. तो नुसती गाडी बघेल. तुला चार प्रश्न विचारायची सवय आहे."

असे आम्ही दोघं रविवारी सकाळी तुळिंजहून निघालो.

ज्यांनी आमचं तुळिंज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नालासोपारा स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की माणसांच्या लोंढ्याबरोबर आपण तुळिंज रोडला लागतो. चाळी, चार-चार मजली इमारती, दुकानं, क्लासेस, दवाखाने, रिक्षांची रांग. जौनपूर, रत्नागिरी, मराठवाडा, सगळ्या बाजूंची माणसं इथं भाड्याच्या खोलीपासून सुरुवात करतात. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं आणि तरीही सकाळची लोकल कुणी चुकवत नाही.

स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला, जुनं सोपारा आहे. तिथं सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. दहाव्या शतकातला अरब प्रवासी मसूदी याच्या लिखाणात हे गाव 'सुबारा' या नावानं येतं. या बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर कल्याणमार्गे नाणेघाट चढून जुन्नर, पैठणला जायचा. नाणेघाटात एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत असं लोक सांगतात. मुलांना हे शिकवताना मी नेहमी म्हणते, आपल्या गावाचं पोट आधीपासून मालवाहतुकीवर भरत आलं आहे. पूर्वी बैल होते, आता ट्रक आहेत. जकातीच्या जागी टोलनाका आला.

रिक्षा संतोष भुवन, धानिव बाग मागे टाकत पेल्हारला महामार्गावर आली. हा मुंबई-अहमदाबाद रस्ता. जुने लोक अजून याला 'आठ नंबर' म्हणतात. नव्या क्रमांकानुसार तो 48 आहे. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर करत तो चेन्नईला जातो. योगायोग असा की आमच्या वसई-विरारच्या गाड्यांची पाटीही एमएच-48 आहे. भाचा म्हणाला, "म्हणजे खाला, रस्ता आपलाच आहे."

रस्त्याच्या कडेला गॅरेजं, टायरवाले, वेल्डिंगवाले, ढाबे. सगळीकडे डिझेल आणि ग्रीसचा वास. तिथल्या एका गॅरेजचे उस्ताद दूल्हाभाईंच्या ओळखीचे. साठीच्या पुढचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बाई माणूस ट्रकबद्दल विचारायला आली म्हणून आधी त्यांनी स्टूल पुसून दिलं, मग चहा सांगितला आणि मग धडा सुरू केला.

"आधी नंबर वाचायला शिका, टीचर. दरवाज्यावर 2818 लिहिलंय ना? पहिले दोन आकडे गाडीचे टन, पुढचे दोन इंजिनाची ताकद. 28 टन, 180 घोडे. 1613 म्हणजे 16 टन, 130 घोडे. छोटी 407 आहे ती 4 टन, 70 घोडे."

इतकी वर्षं हे आकडे रस्त्यानं माझ्या डोळ्यांसमोरून जात होते आणि मला ते वाचता येत नव्हते! उस्ताद पुढे म्हणाले, "आणि 28 टन म्हणजे माल नव्हे. गाडीसकट 28 टन. गाडीचं स्वतःचं वजन वजा करा, उरेल तेवढाच माल." दहा टायरी गाडीची कायद्यानं ठरलेली मर्यादा पूर्वी 25 टन होती. 2018 साली ती 28.5 टन झाली. म्हणून जुन्या गाड्यांवर 2518 दिसतं आणि नव्यांवर 2818.

मग कंपन्यांचा विषय निघाला. भाच्यानं वहीच काढली.

टाटाबद्दल उस्तादांचं म्हणणं असं की कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही फाट्यावर तिचा सुटा भाग मिळतो आणि हात घालणारा मिस्त्रीही मिळतो. रात्री दोन वाजता गाडी बंद पडली की या गोष्टीची किंमत कळते. टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार 15 वर्षांचा होता, 1969 साली संपला. तरी आमच्या लहानपणी म्हातारे लोक टाटाच्या ट्रकला 'मर्सिडीज' म्हणत, ते मला आठवलं.

अशोक लेलँड मद्रासची, म्हणजे आताच्या चेन्नईची. 1948 साली अशोक मोटर्स म्हणून सुरू झाली. मालकानं मुलाचं नाव कंपनीला दिलं. पुढे इंग्लंडची लेलँड आली आणि जोडनाव झालं. दक्षिणेचे ड्रायव्हर हिच्या इंजिनाचं नाव काढतात. भरल्या गाडीनं चढावर दम धरते म्हणतात. आयशर मध्य प्रदेशातल्या पिथमपूरची. डिझेल कमी पिते म्हणून छोट्या मालकांची आवडती. 2008 पासून तिची स्वीडनच्या व्होल्वोशी भागीदारी आहे. महिंद्राची ब्लाझो आपल्या चाकणची. 2016 साली ती आणताना कंपनीनं जाहीर केलं होतं, मायलेज जास्त मिळालं नाही तर गाडी परत करा. आणि भारतबेन्झ सगळ्यांत नवी, 2012 साली आलेली, चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये बनते. तिच्या केबिनची सगळेच तारीफ करतात. फक्त दुरुस्तीला शक्यतो कंपनीच्याच वर्कशॉपला न्यावी लागते, असं उस्ताद म्हणाले.

"मग सगळ्यांत चांगली कुठली?" भाच्यानं पेन उचललं.

उस्ताद हसले. "बेटा, गाडी तू विकत घेणार आहेस का? मालक घेतो ती गाडी ड्रायव्हरची. 2020 पासून सगळ्यांनाच बीएस-6 इंजिन आहे, सगळ्यांनाच डिझेलबरोबर युरिया भरावा लागतो. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या प्रत्येक मोठ्या ट्रकला एसी केबिनही सक्तीची. आमच्या वेळी कंपनीकडून नुसतं इंजिन आणि सांगाडा यायचा, लाकडी केबिन इथले सुतार बांधायचे. उन्हाळ्यात पायाखाली इंजिन, डोक्यावर पत्रा. तुझ्या अब्बाला विचार. आता कंपन्यांतला फरक कमी झालाय. मालकांतला नाही."

तिथून आम्ही पहिल्या मालकाच्या यार्डात गेलो. गाडी खरोखर देखणी होती. भाचा पायरी चढून केबिनमध्ये बसला. मीही चढून पाहिलं. झोपायला मागे बिछाना, एसीची गार हवा, एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग. मालकही गोड बोलणारे. मी माझे प्रश्न सुरू केले. फेरी कुठली? वापी ते चेन्नई. जोडीला दुसरा ड्रायव्हर? "कशाला? पोरगा जवान आहे." वजन? "थोडं वरखाली चालतं, मॅडम, सगळेच भरतात." आणि पकडलं तर दंड? ते जरा थांबले. "अर्धा आमचा, अर्धा पगारातून. ड्रायव्हरलाही जबाबदारी वाटली पाहिजे ना."

परतताना मी वहीत हिशेब मांडला. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पाच टन जादा म्हणजे 30,000. त्याचा अर्धा 15,000. चार हजार जास्त पगाराचे चार महिने एका काट्यावर गेले. भाचा काही बोलला नाही, पण वही त्यानं माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचली.

दुसरे मालक वालीवच्या बाजूला भेटले. मालक म्हणजे दोन भाऊ, गाड्या सहा. गाडीचा रंग उडालेला, केबिनला एसी नाही, सीटवर आपाच्या घरी असते तसली गोधडी. पण विचारायच्या आधीच धाकट्या भावानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले: विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट. विम्याच्या कागदावर ड्रायव्हरच्या जोखमीची वेगळी रक्कम भरलेली. रात्रीच्या फेरीला दोन ड्रायव्हर. भिवंडी ते सुरत, एवढीच धाव. वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा ड्रायव्हरला दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास काम सांगत होता. मी ते बोलून दाखवलं तेव्हा थोरला भाऊ प्रामाणिकपणे म्हणाला, "टीचर, तेवढं नाही जमत. दहा तास होतात कधी कधी. पण सोळा नाही करू देत आम्ही." मला त्याचं हे 'नाही जमत' बरं वाटलं.

तरीही घरी येताना पोराचं मन त्या कोऱ्या केबिनमध्येच होतं. तेवीस वर्षांचं वय, मी त्याला दोष देत नाही. मित्रांना फोटो कुठल्या गाडीचा पाठवणार?

मगरिबनंतर आपाकडे चहाला बसलो. भाच्यानं अब्बाला सगळा वृत्तांत सांगितला. दूल्हाभाई डावा कान पुढे करून ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेंढवणच्या खिंडीत माझा एकदा डोळा लागला होता."

आपाच्या हातातला कप तसाच राहिला. हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

"सतरा तास झाले होते गाडीवर. मालकाला सांगितलं होतं, हवेची नळी गळतेय. म्हणाला, ही फेरी करून ये, मग बघू. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. काटा खाली गेला की पाय दाबून उपयोग नाही. उतारावर डोळा उघडला तेव्हा पुढे दोन मोटरसायकली होत्या. पाय दाबला, गाडी थांबेना. गिअर पाडत पाडत डोंगराच्या अंगाला घासली. त्या चौघांना कळलंसुद्धा नाही. क्लिनरचा हात मोडला. मालकानं पत्र्याचे पैसे माझ्या पगारातून कापले."

"कुठल्या कंपनीची गाडी होती, अब्बू?" भाच्यानं हळूच विचारलं.

"कंपनीचं काय आहे त्यात?" दूल्हाभाई म्हणाले. "नळी शंभर-दोनशे रुपयांची होती."

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आपा उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिनं किती रात्री दुआ मागत काढल्या होत्या, त्यातली ती रात्र कुठली हे ती बहुधा शोधत असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यानं वालीवला फोन केला.

पहिली फेरी गुरुवारी रात्री होती. गाडी पेल्हार फाट्यावर येणार होती. आपानं रोट्या, कोरडं मटण आणि थर्मास बांधून दिला. आणि जे दूल्हाभाई महिनोन्‌महिने तीन जिने उतरत नाहीत, ते काठी घेऊन खाली आले आणि न बोलता रिक्षात बसले.

फाट्यावर गाडी आली. दूल्हाभाईंनी दुसऱ्या ड्रायव्हरकडून टॉमी मागून घेतली. एका हातात काठी, एका हातात टॉमी, असे ते गाडीभोवती फिरले. एकेक टायर ठोकायचे, डावा कान जवळ नेऊन आवाज ऐकायचे आणि पुढच्याकडे जायचे. मग मुलाला इंजिन चालू करायला लावून स्वतः पायरीवर एक पाय ठेवून हवेचा काटा वर येईपर्यंत बघत उभे राहिले. काटा पुरता वर आला. त्यांनी टॉमी परत केली.

"सुरतला पोचलास की अम्मीला फोन कर," एवढंच म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"मी बाजूलाच बसलेला असेन," दूल्हाभाई म्हणाले आणि रिक्षाकडे वळले.