वलीम्याची पत्रिका आणि एक राहिलेलं नाव

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा घरात कामांची वाटणी झाली. हॉल आणि आचारी भावाच्या मित्रांकडे, कपडेलत्ते अम्मीकडे आणि पत्रिका माझ्याकडे. "तू लिहितेस ना, मग तुला काय अवघड?" असं अब्बा म्हणाले. मलाही तसंच वाटलं. चार ओळींचा तर मजकूर.

निकाह मुलीकडे, मालेगावला होता. वलीमा, म्हणजे निकाहनंतर मुलाकडच्यांनी द्यायचं जेवण, आमच्याकडे कराडला. त्यामुळे वलीम्याची पत्रिका आम्हीच छापायची.

दुकानात शिरलो आणि मालकांनी काही न विचारता हिरवा अल्बम पुढे ठेवला. घुमट, मिनार, चंद्रकोर, सोनेरी फॉइल. मालक अब्बांचे जुने विद्यार्थी. "गुरुजी, तुमच्यातल्या सगळ्या डिझाइन यात आहेत," ते आपुलकीने म्हणाले. शेजारच्या अल्बममध्ये मोगऱ्याच्या कळ्यांची एक साधी, क्रीम रंगाची पत्रिका होती. मी ती उचलली. "ही चालते तुमच्यात?" त्यांनी विचारलं. अब्बा हसून म्हणाले, "अरे, आमच्यात तर मोगऱ्याशिवाय लग्नच लागत नाही."

खरा प्रश्न भाषेचा होता. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले आणि तिथेच शिकवून निवृत्त झाले. मुंबईच्या मामूंचा मात्र फोन आला, "उर्दूमें नै छापे तो लोगां क्या बोलेंगे?" मी यादी घेऊन बसले. साडेतीनशे घरं. त्यांतली उर्दू सहज वाचणारी चाळीससुद्धा भरेनात. आमच्या घरात कुराण सगळेच वाचतात, पण ती अरबी, ज़ेर-ज़बरच्या खुणा दिलेली. पत्रिकेतली उर्दू नस्तालीक वळणाची असते, तिच्यावर खुणा नसतात. शब्द आधीच ओळखीचा असेल तरच वाचता येतो. आमच्या घरी येणाऱ्या उर्दू पत्रिका आम्ही आजवर तारीख पाहून ठेवून द्यायचो आणि ठिकाण फोनवर विचारायचो. हे मामूंना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. शेवटी ठरलं, तीनशे मराठी आणि शंभर उर्दू.

मराठी मजकुराचं पहिलं प्रूफ आलं तेव्हा माथ्यावर 'श्री गणेश प्रसन्न' होतं. ऑपरेटरने नेहमीचाच साचा उघडला होता. तो बिचारा ओशाळला. अब्बा म्हणाले, "राहू दे रे, पस्तीस वर्षं शाळेत सरस्वतीच्या फोटोसमोर उभा राहिलोय. पण पत्रिका मामूंच्या हातात जायची आहे." सगळे हसलो. त्या जागी ७८६ घातलं. अक्षरांना आकड्यांचं मोल देण्याच्या जुन्या पद्धतीत बिस्मिल्लाहची बेरीज ७८६ होते. पत्रिका उद्या रद्दीत जाईल, पायाखाली येईल, म्हणून अल्लाहच्या नावाऐवजी हा आकडा छापायची रीत. अनेक मौलवींना ती पसंत नाही, त्याला शरियतचा आधार नाही असं ते सांगतात. आम्ही रद्दीचा विचार केला.

नावाआधीचं 'चि.' काढायचं का, असं ऑपरेटरने विचारलं. अब्बा म्हणाले, "का काढायचं? चिरंजीव म्हणजे खूप जग. उर्दूत धाकट्यांच्या नावापुढे सल्लमहू लिहितात, त्याचाही अर्थ अल्लाह याला सलामत ठेवो." मुलीच्या नावाआधीचं 'सौ. कां.' मात्र मी काढलं. तिलाही नुसतं 'चि.' पुरे होतं.

वेळेवरून थोडी गंमत झाली. आमच्या पत्रिकांवर 'बाद नमाज़-ए-मगरिब' असं लिहितात. गल्लीतले शेजारी ते वाचून किती वाजता निघतील? म्हणून 'सायंकाळी ७ पासून' हेही घातलं. हिजरी तारीख मी गाळली. चाँद दिसण्यावर महिना एकोणतीसचा की तीसचा ते ठरतं, दोन महिने आधी छापलेली तारीख एका दिवसाने चुकू शकते. इंग्रजी तारखेचा रविवार अब्बांनी आधीच कॅलेंडरवर पाहून ठेवला होता. त्या दिवशी एकादशी नव्हती, संकष्टी नव्हती. अब्बांचे निम्मे मित्र माळकरी. त्यांच्यासाठी 'शाकाहारी जेवणाची स्वतंत्र सोय' ही ओळ त्यांनी स्वतः सांगितली. वलीम्यात श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळलं तर ते जेवण सगळ्यात वाईट, अशा अर्थाची हदीस आहे. अब्बा म्हणाले, "बोलावून उपाशी परत पाठवणं त्याहून काय वेगळं?"

मग उर्दू प्रूफ आलं आणि घरात शांतता पसरली. ते तपासणार कोण? अब्बा चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले आणि कागद माझ्याकडे दिला. मला तर त्यांच्याहून कमी येतं. शेवटी भावाने फोटो काढून होणाऱ्या बायकोलाच पाठवला. ती उर्दू माध्यमात शिकलेली.

तासाभरात उत्तर आलं. भावाच्या नावात 'ज़' आहे आणि उर्दूत 'ज़'साठी चार अक्षरं आहेत. ऑपरेटरने चुकीचं घातलं होतं, ते तिने लाल गोल करून दाखवलं. हॉलच्या पत्त्यातली एक चूकही दाखवली. आणि खाली एक ओळ होती, "बाकी सब ठीक है. मेरा नाम कहाँ आएगा?"

आम्ही पुन्हा प्रूफ पाहिलं. मामूंनी पाठवलेल्या जुन्या नमुन्यावरून मजकूर घेतला होता. त्यात भावाचं नाव होतं, तिच्या वडिलांचं होतं. तिच्या जागी 'दुख्तर-ए-नेक-अख्तर', म्हणजे सुदैवी कन्या. शब्द इतका देखणा की मागे नाव नाही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचता येत नव्हतं हे अर्धंच कारण.

मामू फोनवर म्हणाले, "शरीफ घरकी लडकी का नाँव ऐसा गाँवभर नै बाँटते." अम्मी आतल्या खोलीत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. तिने आपल्या लग्नाची पत्रिका आणून टेबलावर ठेवली. १९८४ सालची, हिरवी, कडा पिवळ्या पडलेल्या. मामूंच्या आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी छापलेली. "इसमें मेरा नाँवच नै," ती म्हणाली. "निकाहनाम्यावर नाव, मेहरपुढे नाव, वकील आणि साक्षीदार विचारायला आले तेव्हाही माझं नाव घेऊनच कबूल आहे का विचारलं. फक्त पत्रिकेतच नव्हतं."

तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. चाळीस वर्षं ती पत्रिका ट्रंकेत जपून ठेवली होती, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

फोन चालूच होता. मामू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमको जो ठीक लगता वो करो."

दोन्ही भाषांत मुलीचं नाव घातलं. पत्रिकेखाली निमंत्रक म्हणून एकट्या अब्बांचं नाव होतं. अब्बांनी पेन घेतलं आणि आधी अम्मीचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. ऑपरेटरने विचारलं, "गुरुजी, क्रम असाच ठेवायचा?" ते म्हणाले, "असाच."

पत्रिका आल्या त्या दिवशी अम्मीने एक मराठी आणि एक उर्दू बाजूला काढली. उर्दूतलं आपलं नाव कोणतं ते तिने मला बोटाने दाखवायला सांगितलं, दोनदा. मग दोन्ही पत्रिका ट्रंकेत, त्या हिरव्या पत्रिकेजवळ ठेवल्या. सूनबाई आता महिन्यापासून अब्बांना आणि मला उर्दू शिकवते आहे. अम्मी म्हणते तिला वेळ नाही, पण धडा चालू असला की भाजी घेऊन तिथेच निवडायला बसते.