शार्लट्सव्हिलची वारी

नायगारा झाला, डिस्नी झालं. कन्या अकरावीत आली तशी आमची पर्यटनस्थळं म्हणजे विद्यापीठं! एप्रिलमध्ये न्यू जर्सीहून व्हर्जिनिया विद्यापीठ पाहायला निघालो. वाटेत फेअरफॅक्सला तिच्या आत्याकडे मुक्काम केला आणि आतेभावालाही गाडीत घातलं. तोही अकरावीतच, अभ्यासात हिच्याच तोडीचा.

थॉमस जेफरसनने 1819 साली स्थापलेलं हे विद्यापीठ. स्वतःच्या थडग्यासाठी त्याने जो मजकूर लिहून ठेवला, त्यात राष्ट्राध्यक्षपद नाही, हे विद्यापीठ मात्र आहे. घुमटाचा रोटंडा आणि समोर हिरवळ, तिला नुसतं 'लॉन' म्हणायचं. लॉनच्या दोन्ही अंगांच्या 54 खोल्यांत शेवटच्या वर्षाची निवडक मुलं राहतात. खोलीत शेकोटी आहे, न्हाणीघर नाही. थंडीतही बाहेरून जायचं! चाळीत वाढलेल्या आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं. हे सारं उभारणाऱ्या गुलामांचं ग्रॅनाइटचं वर्तुळाकार स्मारक 2020 साली पुरं झालं. तिथे मुलं बराच वेळ गप्प होती.

मग माहितीची बैठक. इथल्या साधारण दोन-तृतीयांश जागा व्हर्जिनियाच्या मुलांसाठी, आणि बाहेरच्यांना फी अडीचपटीहून जास्त. "हिला वर्षभर माझ्याकडेच ठेवा ना," आत्या आदल्या रात्री म्हणाल्याच होत्या. पण तसं चालत नाही. वर्षभराचं वास्तव्य लागतं, तेही आईवडिलांचं, आणि नुसतं शिक्षणासाठी येऊन राहिलेलं धरत नाहीत. कर, लायसन्स, मतदान, सगळं तपासतात. आम्हाला यात अन्याय दिसला नाही. डोमिसाइल सर्टिफिकेटसाठी कचेरीत हेलपाटे घातलेली माणसं आपण. सरकारी मेडिकलच्या 85 टक्के जागा राज्यातल्या मुलांना, हे आपल्याला तेव्हा रास्तच वाटायचं. फक्त तेव्हा आपण रेषेच्या आत होतो.

खरी गोची अर्जाच्या प्रकारात. 'अर्ली डिसिजन'मध्ये प्रवेश मिळाला की जायचंच, असा शब्द देऊन बसायचं. 'अर्ली ॲक्शन'मध्ये तसं बंधन नाही. बाहेरच्या मुलांचीही आर्थिक गरज विद्यापीठ पूर्ण भागवतं, पण गरज किती हे त्यांच्या हिशेबाने ठरतं. दोन पगारांच्या घराला त्या हिशेबात फारशी गरज नसते! तेव्हा जाणाऱ्या मंडळींनी त्यांच्या 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर'मध्ये घरचे आकडे आधी घालून बघावेत, मग मुलांना लॉन दाखवावी.

परतीच्या वाटेवर आतेभावाने 'अर्ली डिसिजन' जाहीर केलं. कन्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "मी ॲक्शनच करते, बाबा. आणि रटगर्सचाही फॉर्म भरते."

रटगर्सला आम्ही राज्यातले.